अडीच वर्षांनी पीस पोस्टिंग आलंय, पण लेक गावच्या शाळेत रमलीय. घेऊन जावं का?

माणदेशी_सून

नमस्कार सगळ्यांना. वाचत असते इथं बरेच दिवसांपासून, लिहायला आज पहिल्यांदाच बसलेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचे हे फौजेत हवालदार आहेत. युनिट फिल्डला होतं, म्हणजे जिथं फॅमिली नेता येत नाही, म्हणून गेली अडीच वर्षं मी आणि लेक गावी, माण तालुक्यात, आत्या-मामांजवळ, म्हणजे सासू-सासऱ्यांजवळ. त्याआधी भटिंड्याला होतो, तिची यूकेजी, पहिली आणि दुसरीचे चार-सहा महिने तिकडं झाले. आता युनिट पीसला येतंय, म्हणजे फॅमिली नेता येते अशा जागी, बिन्नागुडीला, म्हणजे पश्चिम बंगालात जलपायगुडी जिल्ह्यात. ह्यांचं म्हणणं मार्चमध्ये या, क्वार्टरसाठी नाव टाकलंय. आनंद व्हायला पाहिजे ना? झालाच, दोन दिवस मी कामात गाणी म्हणत होते. मग लेकीकडं लक्ष गेलं.

भटिंड्याहून आम्ही निघालो तेव्हा ऑर्डर आल्यापासून चार दिवसांत निघालो होतो. शाळेतून टीसी घेतला, ट्रंका भरल्या, रात्रीच्या गाडीत बसलो. तिची चित्रकलेची वही शेजारच्या मैत्रिणीकडं राहिली होती, ती आणायला पण वेळ मिळाला नाही. त्यावेळी मला ती लहान गोष्ट वाटली, घर आवरायचं होतं, गॅस परत करायचा होता, कोण वही बघतंय. गावी आल्यावर पोरं तिला हिंदीवाली म्हणायची कारण तिच्या तोंडी सारखं 'अच्छा', 'मतलब' यायचं. एक वर्ष गेलं तिचं ह्यात. आता कुठं झेडपीच्या शाळेत चौथीत मस्त चाललंय, गुरुजी चांगले आहेत, मराठी वाचते खणखणीत, पाढे तीसपर्यंत येतात, तीन मैत्रिणी आहेत जिवाच्या.

पण एक सवय तिची गेली नाही. रोज रात्री झोपताना ती सगळ्या वह्या, कंपास, चित्रांचे रंग, केसांच्या पिना, सगळं दप्तरात भरते, चेन लावते आणि दप्तर उशाला घेऊन झोपते. सुट्टीच्या आदल्या दिवशी पण. मी एकदा म्हटलं अगं उद्या रविवार आहे, तर म्हणाली असू दे, काही राहायला नको. मला तेव्हा कळलं हे कशामुळं आहे ते.

आता सांगा, हिला परत उचलून नेऊ का? तिकडं केव्ही, म्हणजे केंद्रीय विद्यालय, आहे पण इंग्रजी मिडियम, पाचवीत एकदम कसं जमणार. दोन-अडीच वर्षांनी युनिट परत फिल्डला जाणार, म्हणजे पुन्हा गाव, पुन्हा शाळा. मामा म्हणतात पोरीचं नुकसान करू नका, राहू द्या इथंच. आत्या म्हणतात नवऱ्याजवळ जा, आणि मग आत जाऊन डोळे पुसतात. हे फोनवर काही बोलत नाहीत, फक्त विचारतात तिची खोली कुठल्या बाजूला करायची. दोन दिवस झाले मला नीट झोप नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी खरंखुरं सांगा.

सुभेदारीण

ताई, आधी पाणी पी आणि शांत बस. माझे मिस्टर सुभेदार म्हणून रिटायर झाले, अठ्ठावीस वर्षं सर्व्हिस, त्यातली अकरा वर्षं मी बरोबर होते आणि बाकीची गावी. दोन्ही केलंय म्हणून सांगते. पीस आलं की जायचं. फिल्डला सरकारच नेऊ देत नाही, तेव्हा आपल्या हातात काही नसतं, पण जेव्हा नेता येतंय तेव्हा बाप आणि लेक एका छपराखाली राहिले पाहिजेत. रोज संध्याकाळी बाप दारात सायकल लावताना दिसणं ही गोष्ट फौजीच्या पोरांना फार थोडी वर्षं मिळते गं. आमच्या थोरल्याला ती मिळाली, धाकट्याला नाही मिळाली, आणि दोघांच्या बापाशी बोलण्यात आजही फरक आहे.

आता कामाचं. केव्हीत दुसरी ते आठवीला प्रवेश परीक्षा नसते, जागा असली की मिळतो, नववीला मात्र परीक्षा असते. ती आता केव्हीतून जात नाहीये म्हणजे टीसीवर सरळ होणार नाही, नवीन प्रवेश धरतील. तिथं बदलीची नोकरी असणाऱ्यांचा पहिला नंबर असतो आणि मागच्या सात वर्षांतल्या बदल्या मोजतात, तर ह्यांना सांग की त्यांच्या बदल्यांचं सर्टिफिकेट युनिटमधून सही-शिक्क्यासह आत्ताच काढून ठेवा. केव्हीचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, आपल्यासारखं जूनला नाही, त्यामुळं मार्चअखेर पोचणं महत्त्वाचं. एकदा केव्हीत शिरली की पुढच्या बदलीला केव्ही ते केव्ही सोपं जातं.

दुसरं, पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या कागदांत घरच्यांची नोंद असते ती, बघून घे. लेकीचं नाव आणि जन्मतारीख तिथं आणि आधारवर एकसारखी आहे का. आमच्या धाकट्याच्या नावात एका कारकुनाने एक अक्षर खाल्लं होतं, ते दुरुस्त करायला आम्हाला चौदा महिने लागले, डिपेंडंट कार्ड अडकलं, एमएचमध्ये, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलात, प्रत्येक वेळी समजावून सांगायचं. शिक्षणाचा भत्ता आहे, दोन मुलांपर्यंत, २०२४ पासून महिन्याला २,८१२ रुपये ५० पैसे, वर्षातून एकदा शाळेचं बोनाफाईड जोडून क्लेम करायचा. गावच्या शाळेतली वर्षं क्लेम केली का विचार, पुष्कळ जण झेडपीत फी नाही म्हणून सोडून देतात, पण हा भत्ता फीच्या पावतीवर नसतो.

आणि क्वार्टर अलॉट झाल्याचा कागद हातात येईपर्यंत गावचं बिऱ्हाड मोडू नको. हे सगळ्यात महत्त्वाचं. मी एकदा तशीच गेले होते आणि दोन महिने दुसऱ्यांच्या क्वार्टरच्या एका खोलीत काढले, ती बाई देवमाणूस म्हणून निभावलं.

सातारची_खोली

माझं थोडं वेगळं आहे, राग मानू नका कुणी. मी नाही गेले. सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आलेला, मग साताऱ्यात खोली घेऊन मुलाला शिकवलं, पाचवी ते दहावी एकच शाळा. मला ह्याचा पश्चात्ताप नाही. मुलगा अभ्यासात कुठं अडखळला नाही, त्याचे मित्र आजही तेच आहेत, आणि सासऱ्यांची शेवटची वर्षं आमच्याजवळ गेली.

पण किंमत काय पडली ते पण सांगते. ह्यांची सुट्टी यायची वर्षातून दोनदा, पहिले चार दिवस मुलगा लाजायचा, मग आठ दिवस चिकटलेला असायचा आणि मग विचारायला लागायचा पप्पा तुम्ही कधी जाणार. त्यात प्रेम नव्हतं असं नाही, त्याला फक्त तारीख माहीत हवी असायची म्हणजे मन तयार करता येईल. ह्यांना ते लागायचं. एकदा जेवता जेवता ताट बाजूला ठेवून उठले होते.

तर माझं मत असं की तुमच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं नसेल तर चौथी-पाचवी हे जाण्याचं वय आहे. सातवीपर्यंत फिरा. आठवीपासून मात्र कुठंतरी एका जागी टेकवा, मग ते गाव असो, सातारा असो किंवा फिल्डच्या काळात फॅमिलीला राहायला देतात ते सेपरेटेड फॅमिलीचं क्वार्टर असो. आठवी ते बारावीत शाळा बदलली तर खरंच जड जातं.

अजून एक, साताऱ्याच्या सैनिक स्कूलचा विचार करा. १९६१ ची शाळा, देशातली पहिली सैनिक स्कूल, आणि २०२१ पासून सहावीला मुलींनाही घेतात. फौजींच्या मुलांना राखीव जागा असतात, आणि सहावीची प्रवेश परीक्षा मराठीतून देता येते. पाचवीत असतानाच फॉर्म भरावा लागतो. जमेलच असं नाही, पण लेक हुशार वाटते तुमची.

काळी_ट्रंक

ताई, मी तुमच्या लेकीच्या बाजूने लिहितेय. माझे वडील फौजेत होते, बारावीपर्यंत माझ्या सात शाळा झाल्या. बेळगाव, फिरोजपूर, मधे गाव, मग हिसार, पुन्हा गाव, अंबाला आणि शेवटी पुणे. आता मी सदतीस वर्षांची आहे, तुमची दप्तराची गोष्ट वाचून ऑफिसमध्ये बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

मी पण तेच करायचे. माझं दप्तर नव्हतं, एक पत्र्याचा चौकोनी डबा होता, त्यात सगळं. मला नवीन गाव, नवीन भाषा ह्याची भीती कधीच वाटली नाही, दोन महिन्यांत मी पंजाबी बोलायला लागायचे. भीती एकच होती, की मला न सांगता निघायचं ठरेल आणि माझं काहीतरी मागं राहील. मोठी माणसं म्हणतात पोरं विसरतात, ती विसरत नाहीत, ती बोलायचं बंद करतात.

फिरोजपूरहून निघताना मी दोन दिवस जेवले नाही, तेव्हा आईने एक गोष्ट केली. बाबांच्या काळ्या ट्रंका असतात ना, वर पांढऱ्या रंगाने नंबर, रँक, नाव लिहिलेलं असतं, त्यातली एक तिने रिकामी केली, झाकण उघडलं आणि मला उरलेला पांढरा रंग आणि बारीक ब्रश दिला. म्हणाली बाहेर बाबांचं नाव आहे, आत तुझं लिही. मी झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलं, फिरोजपूर, साल, आणि खाली पाच मैत्रिणींची नावं, एका कुत्र्याचं पण. मग आई मला घेऊन त्या पाचही घरी गेली, प्रत्येकीच्या घरी दहा मिनिटं बसलो, चहा प्यायलो, सांगितलं की आम्ही मंगळवारी जातोय. बस एवढंच. पण नीट निरोप घेऊन निघायची ती माझी पहिलीच वेळ. पुढच्या प्रत्येक स्टेशनला झाकणावर ओळी वाढत गेल्या. ती ट्रंक आज माझ्या फ्लॅटच्या माळ्यावर आहे, अक्षरं थोडी सोलली आहेत पण वाचता येतात.

म्हणून माझं सांगणं, जायचं की नाही हे तुम्ही मोठ्यांनी ठरवा, ते ओझं तिच्यावर टाकू नका, पण ठरलं की त्याच दिवशी तिला सांगा. तारीख सांगा. कॅलेंडरवर लिहा. शाळेतल्या मैत्रिणींना घरी जेवायला बोलवा. आणि जमलं तर भटिंड्याच्या त्या मुलीची आई अजून कुणाच्या तरी कॉन्टॅक्टमध्ये असेल, फौजेत कोण कुठं आहे ते चार फोनमध्ये कळतं, तिला फोन लावून द्या. वही मिळो ना मिळो.

इंग्रजीचं इतकं घेऊ नका मनावर. झेडपीत गणित पक्कं झालं असेल तर तिकडं फक्त शब्द बदलतात. आईने स्वयंपाकघरात एक कागद लावला होता, अंश म्हणजे न्यूमरेटर, छेद म्हणजे डिनॉमिनेटर, लसावि म्हणजे एलसीएम, असे पन्नास-साठ शब्द. भाकरी थापता थापता विचारायची. तीन महिन्यांत कागद काढला. मराठी टिकवायची असेल तर बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, आणि आजीशी रोजचा फोन सोडू नका. माझी माणदेशी अजून शाबूत आहे ती आजीच्या फोनमुळं.

हां, आणि एक कागदाचं. वडिलांचं महाराष्ट्राचं डोमिसाईल वेळेत काढून ठेवा. पुढं इंजिनिअरिंग-मेडिकलला महाराष्ट्रात डिफेन्स कोट्याचे डी-१, डी-२, डी-३ असे प्रकार असतात, रिटायर फौजी, सर्व्हिसमधला महाराष्ट्राचा फौजी, आणि बाहेरचा पण बदलीवर महाराष्ट्रात आलेला. डोमिसाईल नसेल तर आपल्याच राज्यात आपण बाहेरचे ठरतो. माझी बारावी अंबाल्याला झाली असती तर हे सगळं अजून अवघड झालं असतं, म्हणून बाबांनी अकरावीलाच पुण्याला आणलं.

डुआर्सचा_पाऊस

मागच्या वर्षीपर्यंत आम्ही बिन्नागुडीतच होतो, त्यामुळं राहवत नाही. ताई, जागा सुंदर आहे हो. चहाचे मळे, आकाश स्वच्छ असलं की भूतानचे डोंगर दिसतात. हत्ती येतात हे खरं आहे, जंगल जवळ आहे आणि त्यांच्या वाटा जुन्या आहेत, तेव्हा अंधार पडल्यावर पोरांना एकटं बाहेर सोडायचं नाही आणि ओल्या कचऱ्याची बादली दारात ठेवायची नाही. ह्यात घाबरण्यासारखं नाही, नियम पाळले की झालं. आमच्या मुलाने तिथं पहिल्यांदा हत्ती बघितला तो खिडकीतून, मी त्याचं तोंड दाबून धरलं होतं आणि त्याचं हृदय माझ्या हाताला लागत होतं.

खरा त्रास पावसाचा आणि ओलीचा. माणदेशातून जाताय तर हे तुम्हाला फारच जाणवणार, तिकडं पाण्यासाठी डोळे लावून बसायची सवय आणि इथं महिना महिना कपडे वाळत नाहीत. ट्रंका जमिनीवर ठेवू नका, खाली विटा घाला. कागदपत्रं दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून वर ठेवा, आमच्या लग्नाच्या अल्बमला बुरशी आली होती.

प्रवासाचं, पुण्याहून आझाद हिंदने हावडा, तिथून सियालदहला जाऊन कांचनकन्या, ती सरळ बिन्नागुडीला थांबते. तीन रात्री धरून चाला. विमान परवडलं तर बागडोगरा, तिथून गाडी.

क्वार्टर ताब्यात घेताना, मार्चिंग इनला, यादी वाचल्याशिवाय सही करायची नाही. प्रत्येक नळ उघडून बघा, गिझर, पंखे, खिडकीच्या काचा, दाराच्या कड्या. जे मोडलंय ते यादीत लिहून घ्या, मोबाईलवर फोटो काढा. नाहीतर निघताना बॅरॅक डॅमेज म्हणून तुमच्या पगारातून जातं, आधीच्या माणसाने फोडलेली काच पण. आमचे सहाशे रुपये असेच गेले, रक्कम मोठी नाही पण जीव जळतो.

बाईक नेणार असाल तर आरटीओची एनओसी आत्ताच काढा, दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर ठेवली की नंबर बदलावा लागतो. नवीन घेणार असाल तर बीएच सीरिज घ्या, २०२१ पासून मिळते, फौजीला चालते, मग दर बदलीला ही कटकट नाही.

आणि तुमच्यासाठी. पहिले दोन महिने एकटं वाटेल. फॅमिली मीटिंगला जा, आव्वाचं, म्हणजे फौजींच्या बायकांच्या संघटनेचं, शिवणकाम, कॉम्प्युटर असं काही ना काही चालू असतं तिथं बसा, मराठी बायका सापडतातच. आम्ही सहाजणी होतो, संक्रांतीला हळदीकुंकू केलं तर तमिळ आणि गढवाली बायका पण आल्या, तीळगूळ कमी पडला.

माणदेशी_सून

इतकं सगळं लिहिलंत, मला काय बोलावं कळत नाहीये. सगळ्यांचं दोनदा वाचलं. मामांना पण वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत पण रात्री लेकीला म्हणाले, तिकडं हत्ती असतात म्हणे, मला फोन करून सांग किती मोठा आहे ते.

ठरलंय, जायचं. काल तिला सांगितलं. मी आधी मनात खूप तयारी केली होती, काय बोलायचं, कसं समजवायचं. ती गप्प ऐकत होती. मग विचारलं, तिथं पप्पा रोज घरी येणार? म्हटलं हो, कधी कधी नाईट ड्युटी असेल, पण येणार. मग विचारलं, कधी जायचं, तारीख सांग. २७ मार्च सांगितली, क्वार्टरचा कागद परवाच आलाय. तिने स्वतः कॅलेंडरवर गोल केला आणि त्याच्या आधीच्या रविवारी लिहिलं, मैत्रिणी जेवायला. नंतर बराच वेळ पोटाशी येऊन झोपली, थोडं रडली पण. मी रडू दिलं.

काळी_ट्रंक ताई, भटिंड्याच्या त्या वहिनींचा नंबर तिसऱ्या फोनला मिळाला, आता सिकंदराबादला आहेत. दोघी पोरी व्हिडिओ कॉलवर आधी पाच मिनिटं नुसत्या हसत होत्या. वही त्यांनी ठेवलेली नाही, एवढ्या बदल्यांत कुठं राहणार, पण त्या पोरीला वहीतलं मोराचं चित्र आठवत होतं. ह्यांना सांगून एक ट्रंक रिकामी करायला घेतलीय.

दप्तर अजून उशालाच असतं. असू दे.

सुभेदारीण ताई, पार्ट टू ऑर्डरमध्ये नाव बरोबर आहे, जन्मतारीख पण. भत्त्याचा क्लेम दोन वर्षांचा राहिलाय, ते विचारून घेतायत ऑफिसात.

आता एकच विचारायचं राहिलं. कांदा-लसूण चटणी सात किलो करतेय, ती नेणारच, पण ज्वारीचं काय करू? आत्या म्हणतात दळून पीठ दे बांधून, ने वीस किलो.

डुआर्सचा_पाऊस

पीठ अजिबात नेऊ नका, त्या ओलीत पंधरा दिवसांत कडू होतं आणि किडे होतात. ज्वारी कडक उन्हात दोन दिवस वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून पत्र्याच्या डब्यात न्या. आणि ज्वारी दळायला गिरणी शोधत फिरावं लागतं, घरघंटी असेल तर ट्रंकेत गोधड्यांच्या मधे घालून न्या, मी तशीच नेली होती.

सुभेदारीण

आणि तवा बिडाचा ने, तिकडं आपल्यासारखा मिळत नाही. परात पण.